लवू सुतार आणि मानाची बंदूक

एका गावात एक भोळा सुतार राहायचा. नाव लवू. भोळा हा त्याच्या आईचा शब्द. गावाचा शब्द वेगळा होता, पण पोरंबाळं ऐकताहेत, तो राहू दे.

त्या गावात देवीच्या जत्रेला ठासणीच्या बंदुकीचा बार काढायचा मान वरच्या आळीचा. बार निघाल्याशिवाय पालखी उठत नाही. यंदा बंदुकीचा लाकडी दस्ता वाळवीने खाल्ला. आता बार चुकला तर मान कायमचा खालच्या आळीकडे जाणार, हे खालच्या आळीने घरोघर येऊन आठवणीने सांगितलं. बार काढायची पाळी तात्या नाईकांची. अकरा वर्षं वाट बघून आलेली. तात्यांनी पांढराशुभ्र सदरा शिवून घेतला आणि फोटोवाल्याला सांगून ठेवलं.

वरच्या आळीने तीन बैठका घेतल्या, तिन्ही वेळा चहा प्यायला, आणि शहरातून नव्या बंदुकीच्या सुट्या भागांची पेटी मागवली. पेटीत लोखंडी नळी, घोडा, चाप आणि अर्धवट कोरलेला दस्ता. जोडायचं कुणी? गावातले जुने सुतार आबा मेस्त्री म्हणाले, "पंधरा दिवस लागतील." लवू म्हणाला, "चार." बैठकीला चार आवडले.

लवूने नळी दस्त्याच्या खाचेत ठेवली. नळी केसभर अडली. लवूने लाकडी मोगरी घेतली आणि हाणली. दस्त्याला चीर गेली.

लवू आबांकडे गेला.

"अरे, ठोकतोस काय?" आबा म्हणाले. "नळी नीट बसत नसेल तर खाच तासावी."

"बरं, आबा."

लवूने पटाशीने खाच तासली. नळी बसली, पण जरा हलायला लागली. म्हणजे नीट बसत नाही. त्याने आणखी तासली. नळी आणखी हलायला लागली. त्याने आणखी तासली. संध्याकाळपर्यंत खाचेत नळीशेजारी लवूची दोन बोटं मावायला लागली.

"अरे शहाण्या," आबा म्हणाले, "सैल झालं की भरायचं असतं. सरसात भुसा कालव, भर, आणि सुतळीने आवळून ठेव."

"हे आधी सांगायचं ना, आबा."

लवूने खाच भरली, चीरही भरली. नळी झकास बसली. मग त्याने चाप ओढून बघितला. चाप हलला. म्हणजे सैल. सरस, भुसा, सुतळी. सकाळी चाप असा बसला होता की दोघांनी ओढला तरी हलेना.

आबांनी कपाळाला हात लावला. सगळी दुपार चाप मोकळा करण्यात गेली. मग ते म्हणाले, "लवू, देवाने तुला अंदाज दिलेला नाही. तू काजळ वापर. लोखंडाला काजळ फासायचं, जागेवर दाबून धरायचं, उचलायचं. जिथे काळं उमटेल तिथे अडतंय. तेवढंच तासायचं. एकदम नाही, थोडं तासून परत लावून बघायचं."

लवूने तसंच केलं. जन्मात पहिल्यांदा काहीतरी बरोबर केलं. नळी बसली, घोडा बसला, चाप हवा तेवढाच हलला. आबांनी बंदूक दोनदा फिरवून बघितली आणि बजावलं, "आता हिला पटाशी लावलीस तर याद राख." वरच्या आळीने लवूच्या सत्काराचा नारळही आणून ठेवला.

जत्रेचा दिवस आला. पालखी सजली. खालच्या आळीने आपली बंदूक ठासूनच आणली होती, सहज. तात्या नाईक नवा सदरा घालून मधोमध उभे राहिले. त्यांनी बंदूक खांद्याला लावली, काढली, परत लावली.

"लवू, दस्ता खांद्याला नीट बसत नाही रे. कुठेतरी अडतोय."

"काळजी करू नका, तात्या. आता आपल्याला पद्धत ठाऊक आहे."

लवूने खिशातून काजळाची डबी काढली, दस्त्याला मागून फासलं आणि दस्ता तात्यांच्या खांद्यावर जोर लावून दाबला. उचलला. पांढऱ्या सदऱ्यावर तळहाताएवढं काळं उमटलं. तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण मानाची गोष्ट होती, ते ताठ उभे राहिले.

"सापडलं," लवू म्हणाला.

त्याने बंदूक अलगद बाजूला ठेवली. तिला पटाशी लावायची नव्हती, आबांनी बजावलं होतं. मग पिशवीतून पटाशी काढली, धार अंगठ्यावर तपासली.

"तात्या, सदरा काढा."

तात्यांनी पटाशीकडे बघितलं, लवूकडे बघितलं आणि धोतर सावरून जे पळत सुटले ते थेट शेताकडच्या पाणंदीने. मागे खालच्या आळीने बार काढला. पालखी उठली. फोटोवाल्याने फोटो काढला, तो खालच्या आळीचा. लवूचं कशाकडेच लक्ष नव्हतं. काम अर्धवट सोडायची त्याला सवय नव्हती. पटाशी घेऊन तो तात्यांच्या मागे धावत होता आणि कळवळून सांगत होता, "थांबा हो तात्या, एकदम नाही तासत. थोडं तासून परत लावून बघू."