केरबाची घोंगडी

बारा राज्यांच्या रक्षणसभेत पाचच राजे बसत. खिंडीत मरायला मात्र बाराही राज्यांचे पहारेकरी. मेलेल्याची घोंगडी घरच्यांनी न्यायची. परक्यानं उचलली तर पहारा त्याच्या गळ्यात, अशी रीत.

पहाऱ्यावर केरबा मेला. त्याचा धाकटा भाऊ बिरू त्याची रक्ताळलेली घोंगडी घेऊन थेट सभेत घुसला.

"आमच्या राज्यालाही इथं बसू द्या!"

"बैठक पाचांचीच. जागा कुठाय?" हैबतराजे हसले.

बिरूनं भर बैठकीवर घोंगडी अंथरली.

"उचल ती!"

"मी नाही. अडचण तुम्हाला होतीय, महाराज. उचला, आणि चला खिंडीत!"

हैबतराजांनी शिपायांना खूण केली. शिपाईसुद्धा दोन पावलं मागं सरले. बिरू घोंगडीवर मांडी घालून बसला.

दुसऱ्या दिवशी उरलेली सहा राज्यंही आली, आपापल्या घोंगड्या घेऊन.