दाजींची केबल

अच्युतरावांनी हौसेने स्टीरिओ आणला, त्याची केबल स्वतःच्या हाताने ओढली आणि ऐकायला थोरल्या बहिणीच्या यजमानांना, म्हणजे दाजींनाही बोलावलं. तिथेच फसले.

"ही केबल की कपडे वाळत घालायची दोरी?" दाजींनी चार पाहुण्यांदेखत विचारलं. अच्युतरावांना तोंड कुठे लपवू असं झालं. दाजींनी पिशवीतून अजगरासारखी जाड केबल काढली. "ही जोडा. मग कळेल गाणं."

अच्युतरावांची बायको मृदुला ती घेऊन स्पीकरमागे, गॅलरीच्या दाराच्या पडद्याआड गेली, खुडबुड करून आली आणि तिने गाणं लावलं.

"फरक आहे हं," अच्युतराव सगळ्यांत आधी म्हणाले.

"आहे म्हणजे? तंबोऱ्याची तार न् तार मोजून घ्या," दाजी डोळे मिटून डोलले.

मृदुलेने पडदा सारला. गॅलरीत दाजींची केबल ताणून बांधलेली, वर ओला टॉवेल.

"दाजी, नुसता टॉवेल वाळत घातला तर एवढा फरक. जोडली तर गवई स्वतःच येऊन बसतील, आणि घरात चहाला दूध नाही."

पाहुणे खो खो हसले. दाजी चष्मा पुसत बसले. अच्युतरावांची मान मात्र वर होईना. आपल्या हातच्या केबलला त्यांनीच सगळ्यांआधी नावं ठेवली होती.