दारावरची डहाळी

खूप खूप जुनी गोष्ट आहे बरं का. एका गावात रीत होती. घरात आजारपण आलं की दाराला कडुनिंबाची डहाळी बांधायची. डहाळी दारावर असेतोवर शेजारीपाजारी भाकरी पोचवायचे, पाणी भरायचे.

तिथल्या एका एकट्या कोष्टिणीच्या छातीत गाठ झाली. परगावच्या वैद्याने येऊन ती कापली, वर्षभर कडू औषधं पाजली. केस गेले, जीव वाचला. गावाने हौसेने डहाळी उतरवली, गूळ वाटला. दुसऱ्या दिवसापासून दाराशी कुणी फिरकेना.

कोष्टिणीचा उजवा हात मात्र वर होईना. जातं ओढवेना. काखेत जरा टोचलं की वाटे, आली परत. शेजारणीला सांगू गेली, तर ती म्हणाली, "अगं, वाचलीस ना! मग आता कसलं रडं घेऊन बसलीस?"

त्यानंतर कोष्टीण कुणाजवळ बोलली नाही. दार लोटून भिजवलेली ज्वारी चावायची. पुढे पुढे भिजत घालायचंही सोडलं.

गावाबाहेरची म्हातारी धनगरीण पहाटे मेंढरं घेऊन त्या आळीतून जायची. दुसऱ्याच्या घरात डोकावायची तिला भारी खोड. एकदा तिने दार ढकललंच.

"काय गं, तुझंच जातं मुकं का?"

"हात चालत नाही, आजी. आणि भीती वाटते. पण मी तर बरी झालेय म्हणे."

म्हातारीने पदर सारून छातीवरचा जुना वण दाखवला. "माझीही डहाळी अशीच उतरवली होती. तेव्हापासून मेंढरांशीच बोलते मी. सरक तिकडे!" जात्यासमोर बसून तिने खुंटा धरला. "तू डावा हात नुसता ठेव. आणि काय ते मोठ्याने बोल. घरघरीत बाहेर ऐकू जायचं नाही."

रोज दोघी दळू लागल्या. पीठ पडे, रडणंही होई.

थंडीत म्हातारीची गाठ उलटली. कोष्टीण शेवटपर्यंत उशाशी होती. म्हातारी गेली. तिच्या दारावरची वाळलेली डहाळी कोष्टिणीने आणून स्वतःच्या दाराला बांधली.

शेजारीण धावत आली. "अगंबाई, परत आजारी पडलीस?"

"नाही. पण अजून बरीही झाले नाही."

शेजारीण ओशाळली. आत येऊन जात्यापाशी म्हातारीच्या जागी बसली, खुंटा धरला. त्या दिवसापासून डहाळी गावाने उतरवायची नाही, जिची तिने उतरवायची, असं ठरलं. म्हातारीला मात्र ते बघायला मिळालं नाही.

तात्पर्य: दुखणं गेलं तरी माणूस लगेच सावरत नाही, त्याची सोबत आपणच ठरवून संपवू नये.