उंबरडोहचा हैबती वस्ताद

फार वर्षांमागची गोष्ट. उंबरडोहला तेव्हा कॉलेज नुकतंच झालं होतं. झालं होतं म्हणजे काय, तर पत्र्याच्या पाच खोल्या, दोन फळे आणि एक प्राचार्य. कुंपण नव्हतं. भर वर्गात शेळ्या शिरायच्या, म्हणून संस्थेनं एक रखवालदार ठेवला. त्याचं नाव हैबती शेंडगे.

हैबती धनगरवाड्यावरचा. उमेदीच्या काळात त्यानं गावोगावच्या जत्रांत कुस्त्या मारल्या होत्या. अंगानं असा, की दारातून आत येताना आधी त्याचा एक खांदा यायचा आणि मग दुसरा. असं म्हणतात, की नदीला पाणी चढलं की अलीकडच्या सुना पलीकडच्या माहेरी जायला हैबतीला हाक मारायच्या. तो दोघींना दोन खांद्यांवर बसवायचा आणि छातीभर पाण्यातून असा चालत जायचा, की लुगड्याचा काठसुद्धा भिजायचा नाही.

पण आता त्याची चाळिशी उलटली होती. शेळ्या हाकलता हाकलता तो कॉलेजातल्या पोरांकडे बघायचा. वीस गावांची पोरं, नांगर धरलेली, मोट हाकलेली. तास सुटला की ती भिंतीच्या सावलीला नुसती टेकून बसायची. हैबतीला ते बघवायचं नाही. एवढी ताकद आणि ती नुसती सावलीला बसलेली, असं त्याला वाटायचं. एक दिवस काठी दाराबाहेर ठेवून तो प्राचार्यांच्या खोलीत गेला.

प्राचार्य आठल्ये संस्कृतचे. शरीरानं काडीसारखे, पण बोलायला लागले की पत्रे वाजायचे. हैबतीनं सांगितलं, की कॉलेजच्या मागं तालीम काढतो. प्राचार्यांनी त्याला समजावलं, की पोरं इथं शिकायला आली आहेत, आणि अंगमेहनत वाढली की पुस्तक मागं पडतं, हे त्यांनी पाहिलेलं आहे. हैबतीनं सगळं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "सर, जो पेपरात नापास हुईल, त्याला म्या कुस्तीच्या हौदात पाय ठेवू देणार न्हाई. हा माझा शब्द."

"आणि कोण अभ्यास करतो ते तुम्हाला कसं कळणार, हैबतराव? तुम्हाला वाचता येत नाही."

"वाचता येत न्हाई सर. पण ऐकता येतंय."

 आठल्ये सरांनी मान हलवली, आणि त्या मान हलवण्यावर हैबतीनं दुसऱ्याच दिवशी कुदळ मारली.

हौद खणला, नदीच्या बेटावरची तांबडी माती आणली, चाळली, त्यात तेल, ताक, हळद, लिंबू घातलं. पहिल्या वर्षी पोरं आली तीन. हैबतीनं रिवाज असा घातला, की एकानं काठावर बसून पुस्तक मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी जोर-बैठका काढायच्या. धडा संपला की वाचणारा बदलायचा. वाचणारा अडखळला, तर त्यानं वीस बैठका जास्त काढायच्या. पोरं वाढत गेली तशी पुस्तकं वाढली. इतिहास झाला, अर्थशास्त्र झालं, तर्कशास्त्र झालं. हैबती मातीत उभा राहून सगळं ऐकायचा. असं म्हणतात, की एकदा एका नव्या प्राध्यापकानं वर्गात एका लढाईचं साल चुकीचं सांगितलं, तेव्हा खिडकीबाहेरून शेळी हाकलणाऱ्या माणसानं ते दुरुस्त केलं. एकतीस वर्षं हैबती तालमीत होता, आणि उंबरडोहची माणसं आजही सांगतात, की हैबती वस्ताद एकतीस वेळा बी.ए. झाला.

पहिल्यांदा तो सहा पोरं घेऊन विद्यापीठाच्या स्पर्धेला गेला, आणि सहाच्या सहा हरली. तिथं माती नव्हती. तिथं गादी होती. गादीवर पाय वेगळा पडतो, श्वास वेगळा लागतो, आणि कुस्ती मिनिटांत मोजतात. पोरं माना खाली घालून बसली. हैबतीनं पायातल्या वहाणा काढल्या, गादीच्या कडेला जाऊन उभा राहिला आणि दिवसभर अंगठ्यानं गादी दाबून बघत राहिला. येताना एसटीत तो एवढंच म्हणाला, "लोकरीसारखी हाय."

गावात आल्यावर तो थेट धनगरवाड्यावर गेला. तिथल्या बायाबापड्यांना त्यानं आपली गरज सांगितली. त्या वर्षीच्या कातरणीची लोकर त्यांनी त्याला दिली आणि वर घरोघरची घोंगडी दिली. पोत्यांत लोकर भरून, दाबून, वरून घोंगडी शिवून त्यानं वीस हात लांब आणि वीस हात रुंद गादी तयार केली. तिच्यावर पाठ टेकली की अंगाला अशी खाज सुटायची, की पोरं पाठ टेकू देईनाशी झाली. तिसऱ्या वर्षी उंबरडोहनं विद्यापीठात दोन कुस्त्या मारल्या. पाचव्या वर्षी चार.

मधे एक साल असं आलं, की पाऊसच झाला नाही. प्यायला पाणी नाही, तिथं हौदाची माती कोण भिजवणार? संस्थेतल्या लोकांनी तालीम बंद ठेवायला सांगितलं. हैबतीनं ऐकून घेतलं आणि पोरांना दुप्पट मेहनत लावली. असं म्हणतात, की त्या साली हौदात पाण्याचा थेंब पडला नाही. चाळीस पोरांच्या घामावर माती भिजली, आणि आषाढात तिच्यात पाय घातला तर घोट्यापर्यंत रुतत होता.

त्या चाळिसात एक होता केरबा मोटे. काळा, लांब हातांचा, बोलायला कमी. पकड अशी, की पाण्यानं भरलेली घागर तो वरून पाच बोटांनी उचलायचा. हैबतीला मूलबाळ नव्हतं. केरबावर त्याचा जीव होता, पण तो त्यानं कधी दाखवला नाही. उलट इतरांना एक डाव शिकवला तर केरबाला तीन शिकवले, आणि चुकला तर दुसऱ्यांपेक्षा जास्त बोलणीही त्यालाच खावी लागली.

अकराव्या वर्षी उंबरडोह ढालीपर्यंत पोचलं. विद्यापीठाची ढाल म्हणजे सगळ्यांत जास्त कुस्त्या मारणाऱ्या कॉलेजचा मान. ती कायम शहरातल्या एका मोठ्या कॉलेजकडे असायची. त्या वर्षी सात वजनांच्या सात कुस्त्या होत्या. सहा झाल्या, तेव्हा तीन त्यांच्या, तीन उंबरडोहच्या. सातवी केरबाची, आणि समोर शहराचा शिवमूर्ती बिराजदार, दोन वर्षांचा विजेता. ट्रक भरभरून उंबरडोहची माणसं आली होती. आठल्ये सरसुद्धा पहिल्या रांगेत बसले होते, हातात पुस्तक उलटं धरून.

कुस्ती बरोबरीत चालली. शेवटचं मिनिट लागलं, आणि केरबानं शिवमूर्तीचा हात मागून धरला. हा डाव हैबतीनंच त्याला दिला होता. हात पाठीवर घ्यायचा, खांद्यापाशी वर चढवायचा, आणि समोरचा कळ खाऊन वळला की त्याला उलटा टाकायचा. पण शिवमूर्ती वळेना. दात आवळून तो तसाच राहिला, आणि केरबा हात चढवत गेला. पंच दुसऱ्या अंगाला होता. त्याला शिवमूर्तीची पाठ दिसत नव्हती. हैबतीला दिसत होती. हाड सांध्यातून वर येताना कातडी कशी ताणते, ते त्याला ठाऊक होतं.

"सोड," तो ओरडला.

हजार माणसं ओरडत होती. केरबानं सोडलं नाही.

वस्तादानं गादीवर पाय ठेवला की त्याच्या पैलवानाची कुस्ती गेली, असा तिथला नियम होता. अकरा वर्षं, पोत्यांतली लोकर, चाळीस पोरांचा घाम, गावाचे ट्रक, हे सगळं हैबतीला त्या क्षणी आठवलं असेल की नाही, कोण सांगणार? बघणारे एवढंच सांगतात, की तो उठला आणि चालत गेला. धावला नाही. गादीच्या मधोमध जाऊन त्यानं केरबाची दोन्ही मनगटं धरली आणि फाकवली. असं म्हणतात, की घागर उचलणारी ती पकड शेंगेसारखी उघडली.

पंचानं शिट्टी वाजवली. ढाल गेली.

 मग उंबरडोहच्याच माणसांनी तोंडाला येईल ते बोलायला सुरुवात केली. कुणी म्हणालं म्हातारपण आलं, कुणी म्हणालं वस्ताद फुटला. हैबतीनं खाली बसून शिवमूर्तीचा खांदा चोळला, हात हळूहळू खाली आणला आणि बोटं हलवायला सांगितली. पाचही बोटं हलल्यावर तो उठला. आठल्ये सर जवळ आले होते. काय झालं ते त्यांना कळलंच नव्हतं. त्यांनी विचारलं.

हैबती म्हणाला, "सर, ढाल फुडच्या वर्षी बी यील. त्या पोराचा हात आला नसता."

आठल्ये सरांनी उलटं पुस्तक मिटलं आणि ते वस्तादाशेजारी उभे राहिले. परतीच्या ट्रकमध्येही ते त्याच्याच शेजारी बसले, कारण तिथं दुसरं कुणी बसलं नव्हतं.

केरबा तालमीत यायचा बंद झाला. गाव त्याची समजूत घालायचं, की तुझी काय चूक, एवढ्या गलक्यात तुला ऐकू कसं येणार. हैबती कुणाला उत्तर द्यायला गेला नाही. तो रोजच्यासारखा पहाटे हौद खणायचा, माती सारखी करायचा आणि राहिलेल्या पोरांना घेऊन उभा राहायचा. चाळिसांतली सतरा उरली होती. सतरांना त्यानं चाळिसांइतकं शिकवलं. फक्त एक बदल झाला होता. केरबाची वाचायची पाळी आली, की काठावरची ती जागा तो रिकामी ठेवायचा, आणि तेवढा वेळ कुणी काही वाचत नसे.

असे तीन महिने गेले. जून लागला, कॉलेज उघडलं, आणि पहिल्याच दिवशी एसटीतून वळकटी घेऊन एक उंच पोरगा उतरला. तो शिवमूर्ती होता. त्यानं शहरातलं कॉलेज सोडलं होतं. हैबतीच्या पाया पडून तो म्हणाला, "वस्ताद, माझे वस्ताद त्या दिवशी माझ्या बाजूला बसले होते. ते उठले नाहीत. मला इथं शिकायचंय."

ही बातमी केरबाच्या रानात पोचायला दुपार लागली नाही. तो औत सोडून तसाच आला. पायाला चिखल, अंगात बंडी. हौदाच्या काठाशी सगळी पोरं होती, शिवमूर्तीही होता. केरबा वस्तादासमोर उभा राहिला.  मग तो सगळ्यांदेखत म्हणाला, "वस्ताद, लोक म्हणत्यात मला ऐकू आलं न्हाई. मला ऐकू आलं हुतं. तुम्ही सोड म्हणाला, ते म्या ऐकलं हुतं."

हैबती म्हणाला, "ठावं हाय मला. तुझी मान वळली हुती. म्हणून तर उठलो."

"मग तीन महिनं बोलला का न्हाई?"

"ते तुझं तू बोलायचं हुतं, लेकरा. माझ्या तोंडून निघालं असतं, तर गावानं तुला हाकललं असतं."

केरबा रडला. एवढा मोठा पैलवान, सगळ्यांसमोर रडला, आणि कुणी हसलं नाही. रडणं झाल्यावर तो हौदात उतरला, शिवमूर्तीपुढं गेला आणि त्याच्या दुखऱ्या खांद्याला हात लावून तो हात त्यानं कपाळाला लावला. हैबतीनं दोघांच्या हातांत माती दिली आणि तो म्हणाला, "आता लढा." पहिल्याच पकडीला केरबाचा हात वर चढू लागला, तेव्हा काठावरच्या एका पोरानं भीतीनं हाक मारली, "हैबती!" वस्तादाला असं नावानं कुणी हाक मारत नसे. पण केरबाचे हात जागच्या जागी सुटले. पोरगं ओशाळलं. हैबती मात्र हसला आणि म्हणाला, की हीच हाक ठेवा, चांगली हाय.

पुढच्या वर्षी ढाल आली. केरबा आणि शिवमूर्ती दोघांनी ती दोन बाजूंनी धरून वेशीतून आणली. त्यानंतर सलग चौदा वर्षं ती उंबरडोहच्या बाहेर गेली नाही. असं म्हणतात, की तिच्यावर नावं कोरायला जागा उरली नाही, म्हणून विद्यापीठाला दुसरी ढाल करावी लागली. हैबतीच्या हाताखालून निघालेली पोरं मास्तर झाली, फौजदार झाली, वस्ताद झाली. केरबा त्याच कॉलेजात त्याच्या जागेवर उभा राहिला.

हैबती एका चैत्रात गेला. सकाळी हौद खणून झाला, माती सारखी केली, आणि काठावर टेकला तो टेकलाच. त्याला पोचवायला पंचेचाळीस गावांचे पैलवान आले. प्रत्येकानं आपापल्या तालमीतली मूठभर माती आणली होती. ती सगळी उंबरडोहच्या हौदात टाकली. असं म्हणतात, की हौद त्या दिवशी वीतभर वर आला, आणि तो अजून खाली गेलेला नाही.

आता तिथं पक्की इमारत आहे, कुंपण आहे, मोठी गादी आहे. मुलीही लढतात. पण त्या सगळ्या मुलखात एक रीत आहे. जत्रेतला फड असो, कॉलेजची गादी असो, नाहीतर शाळेमागं धुळीत जुंपलेली दोन पोरं असोत, कुणाचा हात किंवा मान भलत्या जागी अडकलेली दिसली, की बघणाऱ्यांतलं कुणीही ओरडतं, "हैबती!" मग वरचा कितीही जिंकत आलेला असो, तो सोडतो. पंच कुस्ती बरोबरीत तोडतो आणि दोघांचेही हात वर करतो. त्या हाकेवर आजवर कुणी पकड धरून ठेवलेली नाही. आणि धुळीतल्या त्या पोरांना विचारलं, की बाळांनो, हैबती म्हणजे काय, तर ती म्हणतात, हैबती म्हणजे सोड.