लिंबातात्याची पाव जागा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. वाळुंजीवर पूल नव्हता, तेव्हाची. आमच्या कवठाऱ्याहून पैलतीरी जायचं तर लिंबाजी नावाड्याची नाव, नाहीतर पोहत जा. सगळं गाव त्याला तात्या म्हणायचं. तात्या तोंडाचा भारी फटकळ. पाटील असो नाहीतर पाटलाची शेळी, नावेत चढताना त्याला सगळे सारखेच.

त्याच्या बापाच्या वेळी नावेत डोकी मोजत. आठ डोकी झाली की नाव सुटायची. एकदा अशीच आठ डोकी बसली, पण त्यांत दोन पैलवान, आणि बायकांच्या कडेवरची लेकरं तर कुणी मोजलीच नव्हती. नाव मधोमध कलंडली. तात्याचा धाकटा भाऊ त्यात गेला. तेव्हापासून तात्या म्हणायचा, "डोकी काय मोजता? नदी डोकी मोजत नाही. भार मोजते."

मग त्यानं भाराचं माप बांधलं. धडधाकट माणूस एक. आपल्या पायानं चालणारं पोर अर्धं. वाळलेली म्हातारी पाऊण. शेळी अर्धी. कडेवरचं लेकरू पाव. पोटुशी बाई सव्वा. आणि भवानराव तेली, तो दीड. हसू नका रे, होताच तो तसा! रोज भांडायचा, "तात्या, मी एकच आहे की!" तात्या म्हणायचा, "बायकोला एक. माझ्या नावेला दीड."

चढताना प्रत्येकानं आपलं माप मोठ्यानं सांगायचं आणि आधीच्या बेरजेत मिळवायचं. पहिला म्हणे, एक. दुसरा म्हणे, अर्धा, दीड झाले. तिसरी म्हणे, पाऊण, सव्वादोन झाले. चुकला की खाली उतर, पुन्हा चढ. गावात शाळा नव्हती, पण कवठाऱ्याचं शेंबडं पोरसुद्धा सव्वा, दीड, पावणेदोन घडाघडा बोलायचं. असं म्हणतात, की इथल्या शेळ्यादेखील बरोबर अर्ध्याला ओरडायच्या. शेळीचं मी काही ऐकलेलं नाही, पण असं म्हणतात.

नाव होती आठांची. पण तात्या पावणेआठ झाले की वल्हं उचलायचा. पाव जागा कायम रिकामी. कुणाची म्हणून विचारलं, तर म्हणायचा, "पळत येणाऱ्याची." लोक वैतागायचे. पाव जागेत मावणार कोण, तान्हं पोर?

मग एका भादव्यात वाळुंजी अशी फुगली, की गावाची चावडी दिसेना. तात्या सकाळपासून फेऱ्या मारत होता. दुपार कलली तेव्हा देवळाच्या ओट्यावर थोडी माणसं उरली, आणि ओटाही बुडायला आला होता. ही फेरी शेवटची, हे सगळ्यांना कळत होतं. त्या दिवशी कुणी आपलं माप चोरलं असतं, तर सगळेच बुडाले असते.

तात्या म्हणाला, "मी एक." तेल्याचा पाय नावेवर पडला आणि सगळे त्याच्याकडे बघत राहिले. तेली खणखणीत आवाजात म्हणाला, "मी दीड. अडीच झाले." मग ठकूआजी पाऊण, सव्वातीन. कुंभार एक, सव्वाचार. दोघी जावा, सव्वासहा. त्यांची दोन पोरं, सव्वासात. शेळी अर्धी, पावणेआठ.

तात्यानं वल्हं उचललं, आणि तेवढ्यात हाक आली. "थांबा हो!" कळा सुरू झाल्या म्हणून घरातच अडकलेली राही भिंती धरत छातीभर पाण्यातून येत होती. तिनं येऊन ओटा धरला आणि रडत म्हणाली, "तात्या, मी सव्वा."

जागा होती पाव. शेळी उतरवली असती तरी पाऊणच झाली असती. ठकूआजी उठली. "मला उतरव. माझं सगळं बघून झालंय."

"तू उतरलीस तरी एकच होतो, आजी. पाव कमी पडतो. बस खाली."

तात्यानं वल्हं तेल्याच्या हातात दिलं. "दीड आहेस ना? मग दीडासारखं वल्हव." आणि पाण्यात उडी टाकली. एक तात्याचा आणि पाव रिकामा, सव्वा झाला. राही चढली. आठ! तुम्ही म्हणाल, कुंभार का नाही उतरला? त्याला पोहता येत नव्हतं, आणि बाबांनो, नाव तात्याची होती.

भर धारेत राही बाळंत झाली. मुलगी झाली, आणि काय रडली म्हणता! तेल्यानं वल्हं थांबवलं. "एक जीव वाढला! आता बुडालो आपण!"

ठकूआजी लेकराला पदरात गुंडाळत खेकसली, "वाढला कुठं, मेल्या? सव्वाचे एक आणि पाव झाले. आठ ते आठच. वल्हव!"

असं म्हणतात, की पाणी नावेच्या काठाला येऊन टेकलं, पण थेंबभरसुद्धा आत आलं नाही.

नाव पैलतीरी लागली, तर तात्या आधीच काठावर बसून धोतर पिळत होता. कसा आला, त्यालाही सांगता आलं नाही. असं म्हणतात, की ज्या नदीनं त्याचा भाऊ नेला, तिनंच त्या दिवशी तात्याला तान्ह्यासारखं पाव धरलं आणि अलगद आणून ठेवलं.

"किती आले?" तात्यानं विचारलं.

"आठ, तात्या," तेली ढसाढसा रडत म्हणाला. "मला दीड धरून."

मग तात्याही रडला. भाऊ गेल्यावर रडला होता, त्यानंतर पहिल्यांदाच.

आता पूल आहे, जीपगाड्या आहेत. कवठाऱ्याच्या जीपमध्ये माणसं कशी कोंबून बसतात, ते तुम्हाला माहीत आहेच. पण दाराशी वीतभर जागा अजून सोडतात. बाहेरगावचा कुणी तिथं टेकायला गेला, तर सगळी जीप ओरडते, "तात्याची आहे!" पंगतीतही कडेला एवढी जागा ठेवतात. आणि गावात लेकरू जन्मलं, की त्याचे पाय वाळुंजीत बुडवतात, आणि काठावरचे सगळे एका सुरात म्हणतात, "पाव!"

त्या पुरात जन्मलेली मुलगी म्हणजे माझ्या आजीची आजी. ती पाव जागा तात्यानं सोडली नसती, तर मी आज तुमच्यासमोर बसले नसते. तेव्हा आता सरका बघू जरा. गोष्ट संपत आली तरी ती कुणाची पोर पळत येतेय.