ओंजळीत मावेल एवढं बेट

समुद्राच्या मधोमध, जिथे दुपारच्या वेळी लाटासुद्धा पेंगतात, तिथे उंडणी नावाचं एक इवलंसं बेट होतं. हिरव्या माडांची झालर, सोनेरी वाळूचा काठ आणि मध्ये लाल कौलांची घरटुली. त्यातल्या सगळ्यांत छोट्या घरटुल्यात वेणू तिच्या आईबरोबर राहायची. बाबा समुद्रावर गेले ते परतलेच नव्हते. आई दुसऱ्यांची मासळी वाळवायची, तेव्हा कुठे दोघींची चूल पेटायची. घरात दाणे कमी, पण वेणूच्या तोंडी प्रश्न रग्गड. खेकडा तिरका का चालतो? भरतीचं पाणी ओहोटीला कुठे जातं? "हिला एक उत्तर द्यावं, तर त्याला दोन पिल्लं होतात," असं गाव म्हणायचं आणि हसून आपल्या कामाला लागायचं.

उंडणीची एक गोड रीत होती. प्रत्येक दारात नारळाची करवंटी टांगायची आणि पाण्याने भरून ठेवायची. वाटसरूसाठी, नाहीतर पाखरासाठी. पण आता करवंट्या कोरड्या ठणठणीत पडल्या होत्या. झालं होतं काय, तर गावच्या विहिरीचं पाणी आटू लागलं. गड्यांनी कंबर कसली आणि विहीर खोल खणली, मग आणखी खोल खणली. भळाभळा पाणी आलं, लोक नाचले, आणि थोड्याच दिवसांत विहीर समुद्रासारखी खारट झाली. आगीतून फुफाट्यात म्हणतात ना, तसं. होडीवाले धाकूकाका पलीकडच्या किनाऱ्यावरून हंडे भरून आणत, पण ते किती जणांना पुरणार? शेवटी सगळ्यांनी ठरवलं, शिमगा झाला की बेट सोडायचं. शिमगा झाला. कौलं उतरली, होड्यांत चढली. उद्या सकाळी निघायचं होतं.

"आई, पलीकडे आपलं घर कुठे असेल?" वेणूने विचारलं.

"आपल्याला तिथे ना घर, ना दार, ना ओळखीचं माणूस," आई म्हणाली आणि तोंड फिरवून डोळे पुसू लागली.

गावात एकच करवंटी अजून ओली होती, ती वेणूची. आपल्या वाट्याच्या पाण्यातलं घोटभर ती रोज तिच्यात ओतायची. आणि रोज दुपारी ते कमी व्हायचं, वर पिवळी पिवळी धूळ तरंगायची. कोण बरं येत असेल? त्या दुपारी वेणू दाराआड लपून बसली. पाहते तर काय, एक पिवळा ठिपका भिरभिरत आला, करवंटीच्या काठावर टेकला आणि पुन्हा उडाला. वेणू त्याच्यामागे धावली, थेट केवड्याच्या बनात.

तिथे एका कणसावर बोटाएवढी परी बसली होती. केवड्याच्या पातीचा तिचा झगा, दंवाच्या मण्यांचा मुकुट, आणि मासोळीच्या खवल्यांसारखे चमचमते पंख. पण पंखांच्या कडा मात्र सुकल्या होत्या.

"तूच का गं माझं पाणी पितेस?" वेणूने विचारलं.

"मीच," परी हळूच म्हणाली. "साऱ्या बेटावर तेवढंच तर गोड उरलंय. वेणूताई, तुझ्या तीन इच्छा मी पुऱ्या करीन. पण नियम दोन. तुझ्या ओंजळीत मावेल तेवढंच मागायचं. आणि ओंजळीत काही खायचं-प्यायचं आलं, तर ते आधी दुसऱ्याच्या ओठी लावायचं."

वेणूने लगेच ओंजळ धरली. "आईसाठी गोड पाणी दे."

चांदण्यासारखं लखलखतं पाणी हातात भरलं. एक थेंब सांडू न देता वेणू निघाली. वाटेत धाकूकाका वल्ह्याला टेकून बसले होते. आणलेले हंडे त्यांनी गावाला वाटले होते आणि स्वतःसाठी ठेवायचं विसरले होते. ओठ पार फुटले होते. वेणूचा जीव एवढासा झाला. हे पाणी तर आईचं! पण ती थांबली आणि तिने ओंजळ पुढे केली.

काकांनी सगळं पाणी पिऊन टाकलं आणि डोळे मोठे केले. "अगो बाय, हे तर आपल्या विहिरीचं पाणी! खोल खणायच्या आधी हीच चव होती."

आता वेणूच्या डोक्यात प्रश्नांचं मोहोळ उठलं. आपलंच पाणी? मग ते अजून बेटातच असणार. कुठे लपलंय? ती धावत बनात परतली.

"परीताई, आख्खं उंडणी बेट माझ्या ओंजळीत मावेल एवढं करून दाखवशील?"

परी खुदकन हसली. "असं कुणी मागितलं नव्हतं बाई!"

आणि काय नवल सांगू! वेणूच्या ओंजळीत तीळभर माड डोलू लागले, घरटुली लुकलुकू लागली. काचेसारख्या जमिनीतून आतलं सगळं दिसत होतं. खाली हिरवंगार खारं पाणी, आणि त्याच्यावर गोड पाण्याचा पातळ, रुपेरी थर. दुधावर साय धरते ना, अगदी तसा. आणि विहीर? ती त्या सायीतून आरपार खाली, खाऱ्यात जाऊन बसली होती.

"म्हणजे आम्हीच साय फोडली!" वेणू पुटपुटली.

ओंजळीतलं बेट विरून गेलं. परी म्हणाली, "आता शेवटची इच्छा. मोती माग. ओंजळभर मोत्यांत पलीकडे तुझ्या आईला पक्कं घर मिळेल."

वेणूला आईचे ओले डोळे आठवले. मोती मागावेत असं तिला फार फार वाटलं. पण समोर परीचे पंख आणखी मिटत चालले होते.

"तू स्वतःसाठी पाणी आणू शकत नाहीस का?"

परीने नाही म्हणून मान हलवली.

"मग मला पाणी दे. आणि पहिला घोट तू घे."

परी प्यायली. तिच्या पंखांतून असा सोनेरी उजेड फुटला की माडांचे शेंडे झळाळले आणि किनाऱ्यावरचं गाव कामं टाकून बनाकडे धावलं. सगळे येईपर्यंत वेणूने गुडघाभर वाळू उकरली होती. खड्ड्यात पाणी झिरपत होतं. धाकूकाकांनी बोट बुडवून चाखलं. "गोड आहे!"

"आणा रे फावडी, खोल करू!" गडी ओरडले.

वेणू दोन्ही हात पसरून खड्ड्यासमोर उभी राहिली. "नको! खाऱ्या पाण्यावरची साय आहे ती. खोल गेलात तर पुन्हा फुटेल. वरवरचं घ्यायचं, थोडं थोडं, ठिकठिकाणी."

गडी एकमेकांकडे बघू लागले. धाकूकाकांनी शेजारच्याच्या हातातलं फावडं काढून घेतलं. "आजवर हिच्या प्रश्नांना आपण हसलो. आता हिचं उत्तर तरी ऐकू या. आणि ती विहीर तळापासून गोड्या पाण्याच्या थरापर्यंत दगड-वाळूने बुजवा."

मग एकेकाने ओंजळ भरली आणि वेणूने सांगितलेल्या नियमाप्रमाणे आधी शेजाऱ्याला पाजली. होड्यांतली कौलं घरांवर परत चढायला निघाली. आईने ओंजळ भरली, पण तिला समोर वेणूचे कोरडे ओठ दिसले. सकाळपासून त्या पोरीने गोड पाण्याचा एक थेंबही चाखला नव्हता.

"पी बाय," आई म्हणाली. "इथेच राहायचंय आता आपल्याला."

वेणू प्यायली. आईच्या ओंजळीत एक पिवळा कण तरंगत होता. तो लखकन चमकला, उडाला आणि संध्याकाळच्या केशरी उजेडात मिसळून गेला. उंडणीच्या करवंट्या भरल्या, तशा तुमच्या दारच्याही भरोत.