दुसऱ्यांदा वाजलेला नगारा

समुद्रकाठी एक डोंगर होता. त्याच्या माथ्यातून अधूनमधून धूर निघायचा, आणि त्याच्याच पायथ्याशी एक गाव नांदत होतं. रावजी हे गावचे पाटील.

एकदा डोंगर गुरगुरला, जमीन हादरली. पाटलांनी नगारा वाजवून सगळ्यांना नदीपलीकडच्या टेकडीवर नेलं. पण डोंगर गप्प झाला. लोक परतले, तोवर उभं पीक रानडुकरांनी फस्त केलं होतं. तेव्हापासून पाटील दिसले की लोक हसायचे. सगळ्यांत मोठ्यांदा हसायचा त्यांचा धाकटा भाऊ येसाजी.

पुढच्या वर्षी, ऐन कापणीत, विहिरीचं पाणी कोमट लागू लागलं. हवेत सडक्या अंड्यांसारखा वास भरला. डोंगराची एक कूस फुगल्यासारखी दिसू लागली. एके सकाळी पाटील डोंगराच्या घळीपाशी गेले, तर तळाशी शेळ्या मरून पडलेल्या. अंगावर जखम नाही, रक्त नाही. ते खाली उतरू लागले तोच डोकं गरगरलं, श्वास कोंडला. घळीत विषारी हवा साचली होती. कसेबसे ते मागे फिरले.

घरी येऊन ते नगाऱ्यासमोर बसून राहिले. हात उचलवेना. बायकोला म्हणाले, "या खेपेलाही काही झालं नाही, तर गाव मला वेड्यात काढेल."

तिने लेकरांना जवळ ओढलं. "हसू देत लोकांना. हसायला माणसं उरली पाहिजेत."

नगारा वाजला. लोक कुरकुरत, बोल लावत निघाले. येसाजीने बायकोला आणि लेकराला पुढे धाडलं, पण स्वतः खळ्यातून हलेना. पाटलांनी त्याचा हात धरला.

"येसा, पीक पुन्हा येईल."

"मागच्या खेपेलाही हेच म्हणाला होतात, दादा. तुम्ही व्हा पुढे. एवढी रास झाकतो आणि आलोच."

पाटलांच्या मागे सारं गाव थांबलं होतं. त्यांनी हात सोडला.

लोक टेकडी चढतात न चढतात तोच डोंगराची कूस फाटली. भर दुपारी काळोख झाला. वरून गरम राख आणि दगड पडू लागले. ओली फडकी नाकातोंडाला लावून माणसं एकमेकांना बिलगून बसली. जळत्या राखेचा लोट घोड्याहून वेगाने उतरला आणि शेतं, घरं, खळी गिळत नदीपर्यंत आला.

काळोख निवळला तेव्हा गावाच्या जागी वाफाळणारं करडं मैदान होतं. येसाजीची बायको टेकडीच्या कडेला उभी होती. पाटील जवळ गेले. तिने वळून न बघता एवढंच विचारलं, "भावजी, त्यांना ओढत का नाही आणलंत?"

पाटलांनी तिच्या कडेवरचं लेकरू आपल्याकडे घेतलं.

तात्पर्य इतकंच: धोक्याचा इशारा एकदा फुकट गेला म्हणून पुढचा खोटा ठरत नाही. पुन्हा पुन्हा पळावं लागलं तरी चालेल. पण खऱ्या दिवशी मागे राहिलेल्याला पुन्हा पळता येत नाही.